गाडी चालू केली का?

वाचकहो, आज जरा भांडायचं ठरवूनच बसलो आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. दर रविवारी सकाळी हे वाक्य पुण्याहून, हैदराबादहून, बंगळुरूहून फोनवर आमच्या झरीत येऊन पोहोचतं : "बाबा, गाडी चालू केली का?"

ज्यांना आमचं गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं हे गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. पूर्वी वाड्यापुढे बैलगाडी असायची, मग ट्रॅक्टर आला. आता ट्रॅक्टरशेजारी एक चारचाकीही उभी दिसते, अंगावर कापडी खोळ घालून. ती लेकरांची. ती नोकरीच्या गावी दुसरी गाडी घेतात आणि पहिली इथे आणून लावतात. "आईबाबांना अडीअडचणीला असू द्या" म्हणतात. हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आई चालवत नाही, बाबांनी सत्तरीनंतर सोडून दिलेलं असतं. म्हणजे गाडी दिवाळीपासून उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत जागची हलत नाही.

मग तो साप्ताहिक विधी सुरू होतो. म्हातारा माणूस खोळ काढतो, किल्ली फिरवतो, दहा मिनिटं गाडी जागच्या जागी गुरगुरत ठेवतो, बंद करतो, पुन्हा खोळ घालतो. फोनवर सांगतो, "हो, केली." इकडच्याचं समाधान, तिकडच्याचंही समाधान. असमाधानी फक्त बॅटरी, आणि तिला कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. उभी गाडी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेवल्याने तिची बॅटरी भरत नाही. हा एक गैरसमज आहे, २०२० च्या टाळेबंदीत व्हॉट्सअ‍ॅपवरून तो घरोघरी पोहोचला आणि टाळेबंदी उठली तरी मुक्कामालाच राहिला. यात पेट्रोल जातं, बॅटरी जाते, आणि खऱ्या अडचणीच्या वेळी गाडी दगा देते ते वेगळंच.

मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. "गुरुजी, तुम्ही विज्ञानाचे नाही, तुम्हाला यातलं काय कळतं?" असं कुणी विचारण्याआधी सांगून टाकतो, यात चौथीच्या गणिताच्या पलीकडचं काहीही नाही. गळका रांजण आणि तांब्याने ओतलेलं पाणी, एवढाच हिशोब.

आधी गळती पाहू. आजकालची गाडी बंद केली तरी पूर्ण झोपत नाही. किल्लीच्या बटणाने उघडणारं लॉक, चोरीचा गजर, घड्याळ, इंजिनच्या संगणकाची आठवण, कुणी बसवलं असेल तर जीपीएस, हे सगळे रात्रंदिवस थोडाथोडा घोट घेत असतात. २० ते ५० मिलिअँपिअर इतकी ओढ चांगल्या गाडीतही असते. आपण मधला ३० धरू. चोवीस तासांत पाऊण अँपिअर-तासाच्या जरा खाली, आणि आठवड्याला ५ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे सातवा हिस्सा दर आठवड्याला झिरपतो, तोही काहीही न करता.

आता ओतणं पाहू. गाडी सुरू करताना स्टार्टर दोन-तीन सेकंदांत शंभर-दोनशे अँपिअर खेचतो, पण वेळ इतका थोडा की खर्च फारसा होत नाही. इंजिन जागच्या जागी मंद चालतं तेव्हा अल्टरनेटरही मंदच फिरतो. तो जे देतो त्यातून इंजिनचा स्वतःचा खर्च निघतो, आणि उरलेलं बॅटरीकडे जातं. (त्यात बाबांनी गरम होतंय म्हणून एसी लावला असेल तर बघायलाच नको.) शिवाय शिशाच्या बॅटरीला घाईने भरवता येत नाही. ती सावकाश पिते, पूर्ण भरायला काही तास घेते. दहा मिनिटांत पदरात पडेल ते, अगदी उदार होऊन धरलं तरी, दीड अँपिअर-तास.

आता वजाबाकी करा. गेले ५, आले दीड. दर आठवड्याला साडेतीनची तूट. पाच आठवड्यांत ३५ ची बॅटरी निम्म्यावर! विधी अजिबात केला नसता तर ती साडेतीन आठवड्यांत निम्म्यावर आली असती. म्हणजे महिनाभर खोळ काढून-घालून कमावलं काय, तर दीड आठवडा. आणि वर्षाचं पेट्रोल? मंद चालणारं छोटं इंजिन तासाला पाऊण लिटर पितं असं धरलं, तर बावन्न रविवारांचं साडेसहा लिटर. एवढ्या पेट्रोलमध्ये झरीहून परभणीच्या किती फेऱ्या झाल्या असत्या!

आणि हा हिशोब थंड हवेचा आहे. बॅटरीला काहीही जोडलेलं नसलं तरी ती आतल्या आत झिजते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ही झीज साधारण दुप्पट होते. परभणीचा मे महिना आठवा. बेचाळीस-त्रेचाळीस अंश, वर पत्र्याचं शेड, त्याखाली खोळ घातलेली गाडी. पुण्यातल्या तळघरात दोन महिने टिकलेली बॅटरी इथे महिन्यात मान टाकते यात आश्चर्य कसलं?

"मग उतरली तर उतरली, पुन्हा भरू," असं म्हणणारे भेटतात. इथेच खरी गोम आहे. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर एक पांढरट क्षार बसतो. लगेच भरली तर तो विरघळतो. तसाच आठवडे-महिने राहिला तर कडक होतो, मग भरून जात नाही. आमच्या गावात बोअरच्या पाण्याने हंड्याच्या बुडाला थर धरतो, तसंच. दुसऱ्या दिवशी घासला तर हाताने निघतो, वर्षभर ठेवला तर छिन्नी लागते. हंड्याला छिन्नी मारता येते, बॅटरीच्या पोटात कुठून मारणार? मग दुकानदार म्हणतो, "गुरुजी, बॅटरी गेली, नवीन टाका." बॅटरी आपल्या आयुष्याने गेली असं त्याला वाटतं, तुम्हालाही वाटतं. ती मात्र उपाशी ठेवून मारलेली असते.

यावर माझ्या वयाच्या मंडळींचा एक ठरलेला मुद्दा येतो. "आमच्या वेळी जीप चार महिने उभी असायची आणि चालू व्हायची!" बरोबर आहे, व्हायची. पण त्या जीपमध्ये किल्ली काढली की सगळं मेल्यासारखं शांत व्हायचं. गजर नाही, संगणक नाही. आणि बॅटरी उतरलीच तर पुढून हँडल मारायची सोय होती. अ‍ॅम्बॅसिडरलाही होती. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शिशाची बॅटरी बनवली. १९१२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला. त्यानंतरही कितीतरी दशकं हँडल सोबतीला राहिलं, कारण बॅटरीवर एवढा आंधळा विश्वास कुणी टाकत नव्हतं. आता हँडल गेलं. धक्का मारावा, तर बॅटरी पार उतरली असेल तेव्हा आतला संगणकच जागा होत नाही, आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीला धक्का मारून उपयोगच नाही. उतारावर ट्रॅक्टर लावून ठेवायची आपली जुनी युक्ती इथे चालत नाही. गाडी बदलली, सवय तीच राहिली!

हे सगळं मी इतकं खोलात जाऊन का पाहिलं, त्याला कारण आमचा एक पुतण्या. त्याने एक मोठी प्रवासी गाडी घेऊन तिचं फिरतं घर बनवलं आहे. आत पलंग, ओटा, छोटा फ्रीज, पंखा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं तेव्हापासून या गाड्यांचं आकर्षण वाढलेलं दिसतं. (तसं पाहिलं तर फिरतं घर आपल्याला नवीन नाही. शेगावची पालखी परभणी-गंगाखेडवरून पंढरपूरला जाते, तेव्हा दिंड्यांचे ट्रक बघा. स्वयंपाक, अंथरूण, पाण्याची टाकी, सगळा संसार त्यात असतो.) तर पावसाळ्यात तो ही गाडी आमच्या आखाड्यावर लावून जातो. छतावर दोनशे वॅटचं सोलर पॅनल. फ्रीज गार, पंखा फिरतोय, मोबाईल चार्ज होतोय. आणि दोन महिन्यांनी किल्ली फिरवली तर इंजिन म्हणतं, टक् टक् टक्!

कारण काय, तर अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक घराची, एक इंजिनची. छतावरचं पॅनल घराच्या बॅटरीला जोडलेलं असतं, इंजिनच्या बॅटरीकडे त्याची तारच जात नाही. डोक्यावर सूर्य तळपतोय, आणि खाली जिच्या जिवावर चाकं फिरायची ती उपाशी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

या दोन बॅटऱ्यांचा स्वभावही वेगळा. इन्व्हर्टरची जाडजूड बॅटरी म्हणजे नांगराचा बैल. दिवसभर थोडंथोडं ओढेल, थकेल, पुन्हा उभा राहील. स्टार्टरची बॅटरी म्हणजे शंकरपटाचा बैल. तिच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ, दोन-तीन सेकंद जीव तोडून धावायचं आणि लगेच खुराक घ्यायचा, यासाठी घडवलेल्या. तिला सावकाश उपाशी ठेवणं म्हणजे पटाच्या बैलाची वैरण तोडणं. चार-सहा वेळा पुरती उतरली की ती कामातून गेलीच समजा. आपण शेतकऱ्याची लेकरं, बैल कामाला नसला तरी दावणीला वैरण टाकतोच ना? पोळ्यापुरती पुरणपोळी चारून वर्षभर उपाशी ठेवणाऱ्याला गाव काय म्हणेल? रविवारची दहा मिनिटं ही तशीच पुरणपोळी आहे.

कुणी म्हणेल, गुरुजी, एका बॅटरीसाठी एवढा संताप? चार-पाच हजारांची तर वस्तू! पैशांचं सोडून देतो, जरी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला तेही सोडवत नाही. दोन गोष्टींसाठी मला राग येतो, आणि दोन्ही जिवाशी निगडित आहेत.

पहिली गोष्ट. आमच्या गल्लीत एका रात्री एका गृहस्थांच्या छातीत दुखू लागलं. दारात गाडी उभी, किल्ली हाताशी, चालवायला शेजारचा मुलगा धावत आलेला. किल्ली फिरवली, गाडी "टक्" म्हणाली आणि गप्प. रविवारचा विधी चार दिवसांपूर्वीच यथासांग झाला होता! शेवटी त्यांना एका मालवाहू पिकअपमध्ये गादी टाकून परभणीला नेलं. ते वाचले, देवाची कृपा. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्या राज्यात आहे, आधी तिलाच फोन करावा हे मी प्रत्येकाला सांगतो. पण जी गाडी "अडीअडचणीला" म्हणून दारात लावली आहे, ती अडचणीच्या रात्री सुरूच होणार नसेल, तर ती गाडी आहे की नुसता दिलासा? दिलासा तिकडच्यांना, आणि जोखीम इकडच्यांना.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. पावसाळ्यात, थंडीत कितीतरी घरांत शेडचं दार लावून आतच गाडी चालू ठेवतात. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद जागेत तो माणसाला गुंगी आणतो आणि कळायच्या आत जीव घेतो. पंचाहत्तरीचा माणूस एकटा, बंद शेडमध्ये, चालू गाडीत बसून घड्याळाकडे बघत दहा मिनिटं मोजतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. फोनवर "केली का?" विचारणाऱ्या किती जणांनी "दार उघडं ठेवलं होतं ना?" असं विचारलं आहे?

नुसतं भांडून उपयोग नाही, उपाय सांगितला पाहिजे, नाहीतर मास्तर कसला! उपाय तीन आहेत, आणि एकही अवघड नाही.

गाडी अडचणीसाठी नसेल, नुसतीच उभी राहणार असेल, तर बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो आणि दोन मिनिटं पुरतात. आधी बॉनेट उघडा, दारं किल्लीने लावायची सोय पाहून ठेवा, कारण तार काढली की बटणाचं लॉक चालणार नाही. काढताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, रेडिओची स्टेशनं जातील, क्वचित काचांचं बटण पुन्हा शिकवावं लागेल. चालेल. गळती थांबली, उरली फक्त आतली झीज. तेवढ्यासाठी उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्याने एकदा चार्जरवर पूर्ण भरून घ्या.

गाडी रात्री-अपरात्री लागणार असेल तर तार काढून चालणार नाही. मग दहा ते वीस वॅटचं छोटं सोलर पॅनल शेडच्या पत्र्यावर टाका आणि मध्ये चार्ज कंट्रोलर लावून तार बॅटरीला आणा. हिशोब पुन्हा चौथीचाच. दहा वॅटचं पॅनल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला दोन-अडीच अँपिअर-तास सहज देतं, आणि गळती पाऊण. पावसाळी आभाळातही बहुतेक निभावतं, वीस वॅटचं घेतलं तर काळजीच नको. कंट्रोलर मात्र वगळू नका. तो भरलेल्या बॅटरीला जास्त पाजत नाही आणि रात्री उलटी गळती होऊ देत नाही. भारनियमन नसेल तिथे विजेवर चालणारा, भरलं की आपोआप थांबणारा छोटा चार्जरही चालतो. पण गॅरेजमधला साधा चार्जर आठ-आठ दिवस लावून ठेवू नका, तो बॅटरीचं पाणी उकळून टाकतो. आणि फिरत्या घरवाल्यांनो, तुमच्या डोक्यावर पॅनल आहेच. घराची बॅटरी भरली की उरलेलं इंजिनच्या बॅटरीकडे वळवणारं छोटं उपकरण मध्ये बसवून घ्या. दोन्ही बॅटऱ्या नुसत्या तारेने कायमच्या जोडू नका, नाहीतर रात्रभर फ्रीज दोघींनाही पिऊन टाकेल. पुतण्याने हे उपकरण बसवलं, त्यानंतर आखाड्यावर टक् टक् ऐकू आलेलं नाही.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. गाडी चालवा! जागच्या जागी नाही, रस्त्यावर. पंधरा दिवसांतून एकदा शेजारच्या परवानाधारक मुलाला चार पैसे द्या, विम्याची कागदपत्रं नीट आहेत ना ते पाहा, आणि त्याला परभणीला जाऊन यायला सांगा. जाताना मागच्या सीटवर आईबाबांना बसवा. दवाखाना होईल, बाजार होईल, एखाद्या नातेवाइकाकडे चहा होईल. रस्त्यावर इंजिन वेगाने फिरतं तेव्हा अल्टरनेटर खरं भरवतो. टायर एका जागी दबत नाहीत, ब्रेक गंजत नाहीत. बॅटरी उरलीसुरली भरायला पॅनल आहेच. आणि लेकरांनो, महिनोन्‌महिने एका जागी उभं राहून झिजणारी वस्तू त्या घरात फक्त गाडीच असते असं समजू नका.

एक शेवटची सूचना, मास्तरी खाक्याची. चार-पाचशे रुपयांत मल्टीमीटर मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांना लावायचा. (पॅनल किंवा चार्जर जोडलेला असेल तर तो आधी काढून, तास-दोन तास थांबून.) १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे पहिला वर्ग. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, काठावर पास. १२.२ म्हणजे निम्मी, त्याच दिवशी भरायला घ्या. १२ च्या आसपास म्हणजे नापास, आणि दर दिवशी तो पांढरा थर कडक होतोय. हा आकडा खोटं बोलत नाही. इंजिनची गुरगुर मात्र बोलते, कारण निम्मी उतरलेली बॅटरीही दुपारच्या उन्हात गाडी चालू करून दाखवते आणि डिसेंबरच्या पहाटे पाय मागे घेते.

माझे भाचे-पुतणे हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून नाव न घेता सांगतो. या दिवाळीला येताना मिठाईचा एक डबा कमी आणा. त्याऐवजी पॅनल, कंट्रोलर आणि मीटर आणा, आणि जाण्याआधी स्वतःच्या हाताने बसवून जा. गावातला वायरमन मदतीला येतो, मी विचारून ठेवलं आहे.

असो. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. फक्त "आमची तर चालू होते" एवढंच लिहू नका. आकडा लिहा.